दुसरं पान

३ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे टेबलाच्या कडेला सारून ठेवशील, असं धरूनच लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याची खूणही येत नाही. टपालाला मात्र तुला अडवता येत नाही. भांडण उकरायला लिहीत नाहीये. बाबांचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. काम प्रिंटरचं आहे, म्हणजे तुझ्याच खात्यातलं.

जुना कॉम्प्युटर बसला तो उठलाच नाही. लॅपटॉप घेतला, तू बसवून गेलेल्या प्रिंटरची वायर त्याला जोडली. दिवा लागतो, घरघर होते, आणि लॅपटॉप म्हणतो, ड्रायव्हर सापडत नाही. खोक्यात सीडी सापडली, पण या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही. इंटरनेटवर शोधलं तर दहा ठिकाणी 'इथे दाबा' असं लिहिलेलं. कुठे दाबलं की काय होईल या भीतीने कुठेच दाबलं नाही.

मला काही कागद छापायचेत. थोडेच आहेत, पण वरचेवर बदलून छापावे लागतील असं सांगितलंय. बाहेरून छापून आणायला हरकत नव्हती, पण सध्या मला घरातून फारसं हलता येत नाही. लॅबमधून रजा घेतलीय. कवळ्यांचे साचे काय, माझ्याशिवायही भरतात.

आई बरी आहे. रविवारी तुझा फोन लागला आणि आवाज आला नाही ना, ते नेटवर्क. आमच्याकडे सध्या हे असंच चाललंय.

तेवढं ड्रायव्हरचं बघ. ईमेलचा पत्ता खाली देतेय. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसतं काय करायचं ते लिही.

ताई

ता.क. पुढचे काही रविवार आईच्या मोबाईलवर फोन नाही केलास तरी चालेल.


१२ मार्च

धाकट्या,

तुझी ईमेल आली. मायना नाही, सही नाही. "मॉडेल नंबर पाठव. मागच्या बाजूला स्टिकरवर असतो. आईला फोन का करायचा नाही?" तीनच वाक्यं. पहिली दोन वाचून मला हायसं वाटलं आणि तिसरं वाचून लॅपटॉप मिटून ठेवला.

तुला ईमेलनेच उत्तर देणार होते. पण तिथे दोन ओळींपुढे माझा हात जात नाही. कागदावर जातो.

नेटवर्क व्यवस्थित होतं. तुझा फोन आईनेच उचलला होता, डाव्या हाताने. उजवा उचलत नाही. तू "आई, ऐकू येतंय का, आई?" म्हणत होतास आणि ती फोन कानाला घट्ट लावून नुसता श्वास टाकत होती. ओठ हलत होते. मग तू वैतागून म्हणालास, "काय दळभद्री लाइन आहे," आणि ठेवलास. तिने फोन मला परत दिला नाही, तो विझेपर्यंत छातीशी धरून बसली.

गेल्या महिन्यात सकाळी चहा टाकताना ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला. पातेल्यातलं पाणी आटून जळका वास आला तेव्हा मी आंघोळीतून धावत आले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. विनोद केला की हसते, खोटं बोललं की माझ्याकडे रोखून बघते. पण शब्द येत नाही, आणि वाचताही येत नाही. अक्षरं तिला नुसत्या रेघा वाटतात, असं डॉक्टर म्हणाले.

तुला कळवलं नाही. का, ते तुला ठाऊक आहे. बाबांच्या वेळी तू पोचलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आणि दवाखान्याच्या दारात, लोकांसमोर, तू विचारलंस, "ऑपरेशन नको, हे कुणी ठरवलं? तू?" बाबा शुद्धीवर नव्हते, आईला घेरी आली होती, डॉक्टर घड्याळ बघत होते. तुझा फोन लागत नव्हता. कुणीतरी ठरवायलाच हवं होतं. तोच प्रश्न तू मला दुसऱ्यांदा विचारावास, याची माझी तयारी नव्हती. हे बघ, काढणार नाही म्हणाले आणि काढलाच विषय.

तर कागद कसले ते सांगते. दवाखान्यात एक बोलायच्या बाई येत. म्हणजे त्यांचा मोठा पदवीचा हुद्दा आहे, पण आम्ही त्यांना बोलायच्या बाईच म्हणतो. त्यांनी आईला चित्रांचा तक्ता शिकवला. पाण्याचा ग्लास, ताट, संडास, पंखा, गोळ्या, चष्मा अशी चौकटी-चौकटीत चित्रं. हवं त्यावर बोट ठेवायचं. मी दिवसा लॅबमध्ये असायचे, त्यामुळे तो धडा मी कधी पाहिला नाही. दवाखान्याचा तक्ता त्यांनी ठेवून घेतला आणि तोच घरी छापून घ्या म्हणून फाइल पाठवली. त्यांची पुढची तारीख अजून लांब आहे. तोवर आई मुकी आहे, कारण माझ्याकडे ड्रायव्हर नाही.

हे मी दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मग एखादा रोजावर बोलवा की! माझा भाचा गाडी चालवतो." आई हसली. डाव्या बाजूने. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच इतकी मोकळी.

प्रिंटरचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून यात घातलाय. लगेच धावत येऊ नकोस. तुला अचानक दारात बघून तिला वाटेल, आपलं काही खरं नाही.

ताई


१७ मार्च

धाकट्या,

छापला!

तुझ्या उत्तरापर्यंत थांबायला हवं होतं. पण परवा आई माझ्याकडे बघत छताकडे बोट दाखवत राहिली. पंखा? दिवा? कोळीष्टक? वरच्यांचा आवाज? मी एकेक विचारत गेले, ती मान हलवत गेली, शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. मी तशीच उठले आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला घेऊन आले.

तो म्हणाला, तुमचा प्रिंटर आता म्युझियममध्ये द्या, पण बघतो. त्याने एक कॉमन ड्रायव्हर टाकला. "हा सगळ्यांना चालतो," म्हणाला. चालला की! नुसतं काळं छापतो, रंग नाही, पण छापतो. बाईंची फाइल वर्डची आहे. उघडली तर चित्रं जागेवर आणि त्यांच्याखालच्या मराठी अक्षरांचा नुसता खिचडा. पाण्याच्या ग्लासाखाली डॉलरची खूण आणि उलटे स्वल्पविराम. त्यांचा फॉन्ट आपल्याकडे नाही म्हणे. मी म्हटलं, राहू दे, आईला कुठे वाचायचंय. मावशींना वाचायला लागतं, तर मी मार्करने हाताने लिहीन. तेच केलं.

एक कटकट मात्र होत होती. पहिलं पान छान यायचं आणि मागोमाग दुसरा कागद ओढला जाऊन मधेच अडकायचा. चुरगळून बाहेर काढला तर वरच्या कडेला नुसते काळे फराटे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वर्डच्या फाइलीत असं एक रिकामं पान शेवटी येतंच, लक्ष देऊ नका." त्याने 'फक्त पहिलं पान' अशी खूण करून दिली. तेव्हापासून झकास.

कागद तिच्या पलंगावरच्या लाकडी फळीवर चिकटवलाय, वरून पारदर्शक प्लास्टिक. फळी आडवी मांडीवर घेतली की झालं. पहिल्यांदा पुढ्यात ठेवली तेव्हा तिने कागदावरून डावा हात फिरवला, अगदी कापड पारखतात तसा. मग ग्लासावर बोट. मी पाणी दिलं. मग चष्म्यावर. चष्मा दिला. मग संडासावर, आणि मावशींकडे बघून अशी काही भुवई उडवली, की आम्ही दोघी हसत सुटलो. आपली आई सापडली रे मला.

तुझा फोन आला होता, हे लिहायचं राहिलं. तू आईशी बोललास, मी फोन तिच्या कानाशी धरून उभी होते. माझा श्वास तुला ऐकू येत असणार. शेवटी तू म्हणालास, "आता फोन ठेवा." अहोजाहो मला केलंस की आईला, ते मला अजून कळलेलं नाही.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

ईमेल मिळाली. ड्रायव्हरची लिंक आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत "कॉमन ड्रायव्हर टाकू नकोस." उशीर झाला, टाकला. आता चाललंय त्याला हात लावायची माझी हिंमत नाही. बिघडलं तर आई पुन्हा छताकडे बोट दाखवत बसेल.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणाला सांगावं कळत नाही. मला झोप नाही.

आईने तक्ता सोडलाय. म्हणजे फळी मागते, पुढ्यात घेते, आणि चित्रांवर बोट ठेवतच नाही. कागदाच्या खाली, जिथे कागद संपतो आणि नुसतं लाकूड असतं, तिथे बोट आपटत बसते. टक, टक, टक. मी ग्लास दाखवते, ती माझा हात झिडकारते. ताट दाखवते, झिडकारते. पुन्हा लाकडावर. आधी वाटलं, कंटाळलीय. मग वाटलं, माझ्यावर रागावलीय. मावशी म्हणतात, "हट्टीपणा आहे हो, अशा आजारात माणसं लहान पोरासारखी होतात." डॉक्टरांना फोन केला तर त्यांच्या मदतनिसाने विचारलं, ताप आहे का? नाही. जेवतात का? थोडं कमी. मग काळजी करू नका, चिडचिड होते या आजारात.

माझ्या मनात भलतंच येतं. रक्तस्राव पुन्हा झाला असेल का? समजणंही गेलं असेल का? तिच्यासमोर चष्मा धरून विचारलं, हे काय आहे, दाखव. तिने पटकन चष्म्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की, वेडी आहेस का तू. आणि परत खाली लाकडावर. टक, टक. नेहमी तिथेच, डाव्या कोपऱ्यात. प्लास्टिकची कड तिथे उचकटलीय.

मावशी बसवायला आल्या की जास्तच करते. काल बसायलाच तयार नव्हती. मी जरा चढ्या आवाजात बोलले. मग ऐकवेना म्हणून फळीच्या त्या भागावर टॉवेल घडी करून ठेवला, म्हणजे आवाज होऊ नये. ती टॉवेलवर आपटत राहिली. आवाज नव्हता, पण मला तो ऐकू येतच होता. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे हाताळते आणि माझ्याच आईच्या तोंडातलं मला कळेना.

ती कशाला आपटते रे? तू लहानपणी बोलायला उशीर केलास तेव्हा तुझं सगळं तिला कळायचं. तुला काही सुचतंय का?

ताई


२९ मार्च, दवाखाना

धाकट्या,

आपण आता दिवसातून चारदा बोलतो, तरी लिहितेय. फोनवर तू विचारतोस तेवढंच सांगितलं जातं. तुला जे ऐकू आलं त्याच्या अलीकडचं-पलीकडचं तुला दिसलं नाही, ते कुठेतरी ठेवायला हवं. शिवाय इथे बाकावर बसून दुसरं काही सुचत नाही. आतून कुणी बाहेर आलं की मी उठून उभी राहते.

बुधवारी सकाळी माझाच मोबाईल वाजला, आणि त्यावर तुझं नाव. वाटलं, तुलाच काहीतरी झालं. तू नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलंस, "ताई, फाइल दोन पानांची आहे ना?"

मी म्हटलं, "दुसरं रिकामं आहे."

"कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरवाल्याने."

"लॅपटॉप उघड. फाइल उघड. खाली जा. अजून खाली. काय दिसतंय?"

मला काय दिसलं ते सांगते. दुसऱ्या पानाच्या अगदी वरती चित्रांची एक ओळ होती. दात आवळलेला, कपाळाला आठ्या पडलेला चेहरा. छातीवर हात ठेवलेला माणूस. गुडघ्यांत डोकं घातलेली बाई. आणि गळ्यात नळी अडकवलेला डॉक्टर. त्यांच्याखाली तेच डॉलर आणि स्वल्पविराम. पण ते वाचायची गरजच नव्हती.

तू तिकडून बोलत होतास, "फॉन्ट बदलला, दुसरा जाड आला, म्हणून सगळं खाली सरकलं. त्यात त्या ड्रायव्हरने कागद आखूड धरलाय. शेवटची ओळ पानावर मावली नाही, पुढच्या पानावर गेली. आई लाकडावर आपटत नाहीये, ताई. दवाखान्यातल्या तक्त्यावर जिथे ती ओळ होती, तिथे बोट ठेवतेय." मग तुझा आवाज फाटला. "डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

"दुखतंय," मी म्हटलं.

मी प्रिंटरकडे धावले, तो आवाज तुला ऐकू गेला असणार. कागद सरळ करायला लागले. तू ओरडलास, "प्रिंट कशाला! स्क्रीनच दाखव!" म्हणून लॅपटॉप तसाच उचलला. वायर निसटायच्या आधी प्रिंटर टेबलावरून खेचला जाऊन कडेला लटकला. आईच्या पुढ्यात स्क्रीन धरली. तिने एक क्षण बघितलं, आणि त्या आठ्यांच्या चेहऱ्यावर बोट असं आपटलं की लॅपटॉप माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ कुठे होतीस, असं.

कुठे दुखतंय हे विचारायला चित्र नव्हतं. मी डोक्यापासून हात लावत खाली आले. इथे? इथे? पोट, कंबर, मांडी. उजव्या पोटरीपाशी पांघरुणावरूनच हात टेकला आणि ती किंचाळली. तो आवाज तू फोनवर ऐकलास. पांघरूण काढलं. पोटरी दुसरीच्या दीडपट झाली होती, तापलेली, चकचकीत. मावशी तोंडावर हात घेऊन उभ्या. "मी रोज याच पायाला धरून खाली सोडत होते," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना मी काही बोलले नाही. पांघरूण मीही उचलून बघितलं नव्हतं.

अॅम्ब्युलन्स, दवाखाना, तपासणी. पायात रक्ताची गुठळी. डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर हातात काही राहणार नाही. रक्त पातळ करायचं औषध द्यायला हवं. पण यांच्या मेंदूतला रक्तस्राव अजून ताजा आहे. औषधाने तो पुन्हा सुरू होऊ शकतो. दोन्हीकडे धोका आहे. माझं मत द्यावं असं आहे, पण खात्री देत नाही. काय करायचं, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा."

बाबांच्या वेळची तीच भिंत, रे. तसाच पिवळट रंग. मी तुला फोन लावला आणि म्हटलं, "या वेळी तू सांग. तू म्हणशील ते."

मागे तुझ्या ऑफिसातली कुठलीतरी मशीन कागद टाकत होती, खट्-खट्. मग म्हणालास, "ताई, मला इथून काहीच दिसत नाहीये."

मी म्हटलं, "मला तेव्हा तिथे उभं राहूनही दिसत नव्हतं."

आणि तू रडलास. मी तुला रडताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही.

मग तूच विचारलंस, "आईला विचारलंत का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मी नाही. ती आत शुद्धीवर, सगळं समजत पडली होती आणि आम्ही बाहेर तिच्याबद्दल कुजबुजत होतो. तू म्हणालास, "मला थोडा वेळ दे." तू बोलायच्या बाईंना गाठून त्यांच्याकडून मूळ फाइल घेतलीस आणि तिची पीडीएफ करून माझ्या मोबाईलवर पाठवलीस. मी ती पुढे स्वागतकक्षातल्या मुलीला पाठवली. धास्ती एकच, इथेही काहीतरी सरकणार. पण त्यांच्या प्रिंटरमधून कागद आला तो तू पाठवलेला जसाच्या तसा. अक्षरं मराठी. सगळ्या ओळी एकाच पानावर. आणि सगळ्यांत खाली तू घातलेले दोन मोठे चौकोन, एकात बरोबरची खूण, एकात फुली.

मी आईजवळ बसले. डॉक्टरही आले. त्यांनी सगळं समजावलं, अगदी हळू, काही न लपवता. पायात काय आहे, औषधाने काय होऊ शकतं, न दिल्याने काय होऊ शकतं. तू फोनवर होतास, फोन उशीवर होता. मी विचारलं, "आई, औषध घ्यायचं?"

तिने कागद आपल्याकडे ओढला. घाई केली नाही. गोळ्यांच्या चित्रावर बोट ठेवलं, मग बरोबरच्या खुणेवर. डॉक्टर म्हणाले, खात्री करून घेऊ, आणि कागद उलटा फिरवून, धोका पुन्हा सांगून पुन्हा विचारलं. तिने कागद सरळ करून घेतला, जरा रागानेच, आणि तेच दाखवलं. मग तिचं बोट खालच्या ओळीत गेलं. गुडघ्यांत डोकं घातलेल्या बाईवर. 'भीती वाटते.' तिथून तिने हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

तिला भीती वाटतेय हे सांगत होती की तुला वाटतेय का असं विचारत होती, मला ठरवता येईना. मी म्हटलं, "हो आई. खूप." उशीवरून तुझा आवाज आला, "मलाही." तिने डोळे मिटले, पण हात काढला नाही.

औषध सुरू झालंय. दर काही तासांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघतात, बोटं घट्ट धरायला लावतात. आताच नर्स आत गेली. ती आत असताना एवढं लिहून झालं. अजून आली नाही. एवढा वेळ का लागतोय?

आली. "ठीक आहे," म्हणाली. "आत्ता तरी ठीक आहे."

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

आई घरी आली, हे तुला ठाऊक आहे. मेंदूत काही झालं नाही. पोटरीची सूज उतरतेय, रोज मी फितीने मोजते आणि मावशी माझ्या खांद्यावरून डोकावून आकडा बघतात. त्यांनी काम सोडायचं ठरवलं होतं, स्वतःला दोष देत. आईने त्यांना बोलावून घेतलं, ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि पाणी आणल्यावर ते त्यांच्याच पुढे केलं. त्या पाणी पितात आणि रडतात, रडतात आणि पितात. आता राहणार आहेत.

लटकलेल्या प्रिंटरला काही झालं नाही. तुझ्या लिंकवरचा ड्रायव्हर मी स्वतः घातला, कॉम्प्युटरवाल्याला न बोलावता. कागद ए-फोर, आकार मूळ, 'पानात बसवा' नाही. छापलेलं पान पुन्हा एकदा स्क्रीनशी चित्र-चित्र ताडून बघते. एक पान छापायला मला इतका वेळ लागतो की मावशी म्हणतात, नोटा छापताय का?

माझं मन मात्र थाऱ्यावर नाही. फळीवर जरासा आवाज झाला की हातातलं टाकून धावते. परवा ती बोटाने नुसता ताल धरत होती, रेडिओवर गाणं लागलं होतं. मी जाऊन पांघरूण वर केलं, पोटरी चाचपली, कपाळ बघितलं. तिने फुलीवर बोट ठेवून मला हाकललं. हे जाईल म्हणतात हळूहळू. मला तशी खात्री नाही.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "मी आलो तर तुला चालेल का?" तेवढ्यात मावशींनी दूध उतू घालवलं आणि मी "थांब हं" म्हणून गेले ती गेलेच. मुद्दाम नाही. पण खरं सांगायचं तर परत येऊन फोनवर त्याचं उत्तर द्यायला मला जमलंही नसतं. पाकिटात घालून द्यायला जमतंय.

आधी आईला विचारलं. "धाकटा यायचं म्हणतोय." तिने दाराच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मग खऱ्या दाराकडे बघत राहिली. मी म्हटलं, म्हणजे येऊ दे. मावशी म्हणाल्या, "छे हो, वारं येतंय, दार लावा म्हणतायत." मी दार लावलं तर ती फुलीवर बोट ठेवते, उघडलं तर काहीच म्हणत नाही, नुसती बघते. तिचं काय ते तू स्वतः येऊन विचार.

तू आलास की आपण बाबांबद्दल बोलू, असं मी म्हणत नाही. जमलं तर बोलू. तू कदाचित अजूनही म्हणशील, मी चुकले. मी कदाचित अजूनही तेच ठरवेन. ते तसंच राहिलं तरी चालेल, पण तू इथे, या खोलीत, माझ्यासमोर बसून म्हण.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चालेल. चालेल काय, मला तू हवा आहेस. मला एकटीला आता भीती वाटते. ये.

ताई